काच वाळेपर्यंत

(दृश्य : काचपट्टी, अगदी जवळून. तिच्यावर लालसर थेंब.)

हा थेंब बाजरीच्या दाण्याएवढा आहे. श्वासनलिका छातीत उतरून जिथे उजव्या आणि डाव्या फाट्यांत विभागली जाते, त्या तिठ्याच्या खाली काही लसिका ग्रंथी असतात. त्यांपैकी सुजलेल्या एका ग्रंथीतून तो अर्ध्या मिनिटापूर्वी सुईने बाहेर आला आहे. टेक्निशियन दुसरी काच त्याच्यावर टेकवतात आणि अलगद ओढून घेतात, तेव्हा थेंबाचा पातळ लेप होतो. जुलै महिना चालू आहे आणि मुंबईच्या या हवेत ओली काच लवकर वाळत नाही. ती रेंगाळत वाळली तर पेशी आकसतात आणि ओळखू येत नाहीत. म्हणून लाखो रुपयांच्या यंत्रांनी भरलेल्या या खोलीत ट्रॉलीच्या कडेला एक साधा टेबलफॅन ठेवलेला आहे. टेक्निशियन काच त्याच्यासमोर धरून उभे राहतात आणि खोलीतले बाकीचे सगळे त्या फॅनकडे बघत राहतात.

काच वाळते. आता तीन बरण्या. पहिलीत फिकट निळसर मिथेनॉल आहे, ते पेशींना काचेवर घट्ट बसवते. दुसरीत लाल इओसिन आहे, तिसरीत गडद निळा रंग. प्रत्येक बरणीत काच पाच वेळा बुचकळायची, तीही मनात आकडे मोजत, कारण इथे घाई केली तर रंग चढत नाही आणि रेंगाळले तर इतका चढतो की काहीच दिसत नाही. मग नळाखाली धुवून, मागची बाजू पुसून काच मायक्रोस्कोपखाली जाते. थेंब पडल्यापासून इथवर भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटे झालेली आहेत आणि सुई ज्यांच्या छातीतून आली ते गृहस्थ अजून टेबलावरच आहेत.

(दृश्य : ब्रॉन्कोस्कोपीची खोली, दारातून.)

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाची ही खोली आहे. केसपेपरवर तपासणीचे नाव इंग्रजीत लिहिलेले असले तरी बाहेरच्या बाकांवर बसलेले नातेवाईक तिला ‘दुर्बीण घालणे’ म्हणतात, आणि ते चुकीचे नाही. वाकवता येणारी ही दुर्बीण जपानच्या शिगेटो इकेडा यांनी 1960च्या दशकात घडवली. त्याआधी श्वासनलिकेत सरळ, कडक धातूची नळी घालावी लागत असे. आज टेबलावर असलेल्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे छोटे यंत्र बसवलेले आहे. त्यामुळे डॉक्टरांना नळीच्या आतले तर दिसतेच, शिवाय नळीच्या भिंतीपलीकडची ग्रंथीही पडद्यावर करड्या सावलीसारखी दिसते आणि तिच्यात शिरणारी सुई पांढऱ्या रेघेसारखी चमकते. सुईची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी आहे.

टेबलावरचे गृहस्थ बदलापूरहून पहाटेच्या लोकलने उपाशीपोटी आलेले आहेत. तीन महिने खोकला, वजन कमी झालेले, एक्स-रेमध्ये डाग, आणि पंचवीस वर्षांची विडी. या चार गोष्टी एकत्र आल्या की मुंबईतल्या कोणत्याही डॉक्टरांच्या मनात दोन आजार एकाच वेळी उभे राहतात. एक कर्करोग आणि दुसरा क्षय. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असल्यामुळे डाग दिसला की क्षयाची औषधे सुरू करायची, अशी सवय आपल्याकडे पडलेली आहे, आणि त्या सवयीपायी कर्करोगाच्या कित्येक रुग्णांचे महिने वाया जातात. उलटेही होते. दोघांचे डाग एक्स-रेवर सारखे दिसू शकतात, सीटी स्कॅनवरही सारखे दिसू शकतात. निर्णय देणारी गोष्ट म्हणजे ऊती, म्हणजे शरीराचा तो प्रत्यक्ष तुकडा.

“काका, हळूहळू श्वास घ्या, खोकला आला तर येऊ द्या,” असे सिस्टर सांगतात. घशात बधिरतेचे औषध फवारलेले आहे, झोपेचे थोडे औषध दिलेले आहे. सुई आत जाते.

(दृश्य : पॅथॉलॉजी विभाग. मेणाचे ब्लॉक, खणांमध्ये रचलेले.)

एरवी हा तुकडा इथे आला असता. नेहमीची वाट कोणती, हे पाहिल्याशिवाय त्या टेबलफॅनचे महत्त्व कळणार नाही, म्हणून थोडे थांबून ती पाहू. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पडतो आणि निदान काही तास, बहुधा रात्रभर, तिथेच राहतो. मग चढत्या प्रमाणातल्या अल्कोहोलमधून त्याचे पाणी काढतात, झायलीनमधून अल्कोहोल काढतात आणि त्या रिकाम्या जागी वितळलेले मेण शिरते. मेण गोठले की ब्लॉक तयार होतो. तो मायक्रोटोमवर चढवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाएवढे काप काढतात. हे काप कोमट पाण्यावर साईसारखे तरंगतात. टेक्निशियन ते ब्रशने सरळ करून काचेवर उचलतात, आणि हे काम करणारे हात पाहत राहावेत असे आहेत. मग रंग चढतो : हिमॅटॉक्सिलिन, जे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळते आणि पेशीकेंद्रे जांभळी करते, आणि इओसिन, जे उरलेले सगळे गुलाबी करते. दीडेक शतक जगभरच्या पॅथॉलॉजीचा विश्वास याच जांभळ्या-गुलाबी जोडीवर उभा आहे, आणि तो योग्यच आहे.

फक्त या वाटेला तीन-चार दिवस लागतात. मध्ये सुट्टी आली तर आठवडा. आणि शेवटी रिपोर्टवर कधीकधी दोनच शब्द येतात : ‘नमुना अपुरा’. म्हणजे सुई ग्रंथीत पोहोचलीच नव्हती, किंवा पोहोचली पण नुसते रक्त घेऊन आली. मग पुन्हा उपाशीपोटी, पुन्हा पहाटेची लोकल, पुन्हा दुर्बीण. या निवेदनाच्या लेखकाने हे दोन शब्द आपल्या मामांच्या केसपेपरवर वाचलेले आहेत, तेव्हा या विषयात लेखक अगदी तटस्थ नाही, हे प्रेक्षकांनी गृहीत धरावे.

(दृश्य : पुन्हा ती खोली. मायक्रोस्कोपवर झुकलेल्या पॅथॉलॉजिस्ट, पाठमोऱ्या.)

पहिली काच.

“मॅडम, काय दिसतंय?”

“सर, ग्रंथीचं काहीच नाही. सगळं नळीच्या भिंतीचं आहे.”

त्या जे पाहत आहेत ते आता पडद्यावर आपल्यालाही दिसते आहे. या लांबट पेशींच्या एका टोकाला बारीक केसांची झालर आहे. श्वासनलिकेच्या अस्तराच्या या पेशी आहेत. धूळ आणि कफ वर ढकलणे हे त्या झालरीचे काम असते. पेशी निरोगी आहेत, सुंदर आहेत आणि इथे पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण सुई ग्रंथीच्या आधीच अडली असे त्या सांगतात. डॉक्टर दुर्बिणीचे टोक किंचित वळवतात, कोन बदलतात. दुसरी सुई, दुसरा थेंब, पुन्हा फॅन.

दुसऱ्या काचेवर गोल, गडद, जवळजवळ सारख्या आकाराचे ठिपके पसरलेले आहेत. या लसिका ग्रंथीत खच्चून भरलेल्या लिम्फोसाइट पेशी आहेत, म्हणजे सुई ग्रंथीत पोहोचली. त्यांच्या मध्ये काही मोठ्या पेशी आहेत आणि त्यांच्या पोटात काळे कण भरलेले आहेत. हे काळे म्हणजे रंगाचा डाग नव्हे. ही काजळी आहे : विडीची, चुलीची, रस्त्यावरच्या डिझेलची, वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेलेली आणि शरीराने उचलून या ग्रंथीत आणून साठवलेली. शहरात राहणाऱ्या माणसाच्या ग्रंथीत हे दिसणे इतके नेहमीचे आहे की मॅडम त्याचा उल्लेखही करत नाहीत.

तिसरी काच मात्र त्या बराच वेळ सरकवत राहतात. लांबुडक्या, चपलेच्या तळव्यासारख्या आकाराच्या पेशीकेंद्रांचे पुंजके दिसतात, आणि त्यांच्याभोवती काहीच धड आकार नसलेला, दाणेदार, मेलेला भाग. पुंजक्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. शरीराला जे नष्ट करता येत नाही, त्याला वेढा घालून बसण्याची ही पद्धत आहे. ग्रॅन्युलोमा क्षयात होतात, सार्कोइडोसिस या सुजेच्या आजारात होतात, काही बुरशींमुळे होतात, आणि कर्करोगाच्या शेजारच्या ग्रंथीतही क्वचित होतात. हा मेलेला भाग, म्हणजे नेक्रोसिस, पाहून क्षयाकडे बोट जाते, पण बोट जाणे आणि निदान होणे यांत अंतर आहे, आणि मॅडम ते अंतर काटेकोरपणे पाळतात.

“ग्रॅन्युलोमा आहेत, नेक्रोसिस आहे. कॅन्सरच्या पेशी या काचेवर तरी नाहीत. पुढचं सलाइनमध्ये द्या, सगळं फॉर्मालिनमध्ये नको.”

(दृश्य : तीन बाटल्या, ट्रेमध्ये.)

या संपूर्ण चित्रीकरणात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते हे शेवटचे वाक्य. फॉर्मालिन ऊती टिकवते, पण तेच जंतूंना मारते. सगळा नमुना सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकला असता, तर त्यातून क्षयाचा जंतू वाढवून पाहण्याची शक्यता त्याच क्षणी संपली असती. मुंबईत जंतू वाढवून पाहणे ही चैन नाही. 2012च्या सुरुवातीला याच शहरातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णांमध्ये तपासलेले एकही औषध लागू पडत नव्हते. तेव्हापासून कोणते औषध चालेल हे आधी विचारणे इथे अधिकच आवश्यक झाले. सलाइनमधला भाग सीबीनॅट यंत्रात गेला, तर क्षयाचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे साधारण दोन तासांत कळते. द्रव माध्यमात जंतू वाढवायला मात्र सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. काचेवर लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्याच कर्करोगाची, शंका आली असती, तर तिसरी बाटली वेगळ्या द्रवाची लागली असती. आणि फुप्फुसाचा कर्करोग दिसला असता, तर जास्तीत जास्त तुकडे मेणाच्या ब्लॉकसाठी राखून ठेवावे लागले असते, कारण आता नुसते ‘कर्करोग’ म्हणून भागत नाही. कोणत्या जनुकात बदल आहे ते पाहून गोळी ठरते आणि त्या चाचण्यांना भरपूर ऊती लागतात.

थोडक्यात, खोलीतल्या मायक्रोस्कोपचे खरे काम निदान लवकर सांगणे हे नाही. सुई अजून आत असताना, ‘पोहोचलात का, पुरे झाले का, आणि कोणत्या बाटलीत घालू’ या तीन प्रश्नांची उत्तरे देणे हे आहे. अंतिम रिपोर्ट मेणाच्या वाटेनेच येतो. एक गोष्ट सांगून पुढे जाऊ : ग्रंथींच्या सुईच्या तपासणीवर जे अभ्यास झाले आहेत, त्यांत जागेवर काच पाहिल्याने निदान होण्याचे एकूण प्रमाण फारसे वाढलेले दिसले नाही, सुया कमी टोचाव्या लागल्या आणि जास्तीच्या तपासण्या टळल्या, इतकेच दिसले. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने हे ‘इतकेच’ बरेच आहे.

(दृश्य : दादरचा कबुतरखाना, ताडपत्रीने झाकलेला. मग कबुतरांचा थवा, जुन्या चित्रीकरणातून.)

फुप्फुसाचे काही आजार सुईने कळत नाहीत. 2025च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, त्यावरून शहरात वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गाजले, हे सगळ्यांना आठवत असेल. भूतदया आणि आरोग्य यांच्या त्या भांडणात आम्ही शिरत नाही. ज्या आजाराचे नाव तेव्हा घराघरांत पोहोचले, तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस मात्र आमच्या विषयात येतो. पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिने श्वासातून आत गेली की काही जणांचे शरीर त्यांच्याशी अकारण लढू लागते आणि त्या लढाईत फुप्फुसाच्या भिंतीच जाड होत जातात. सगळ्यांना हे होत नाही. ज्यांना होते, त्यांचा आजार ओळखायला मूठभर पेशी पुरत नाहीत. फुप्फुसाची वीण पाहावी लागते, म्हणजे हवेच्या पोकळ्या, त्यांच्या भिंती, आणि सूज नेमकी कुठे आहे ते.

त्यासाठी अलीकडे गोठवून तुकडा काढतात. दुर्बिणीतून एक बारीक सळी फुप्फुसाच्या कडेपर्यंत नेतात, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड एकदम पसरू देऊन तिचे टोक शून्याखाली 70 अंशांच्या आसपास थंड करतात, चार-सहा सेकंदांत आजूबाजूची ऊती त्या टोकाला चिकटते, आणि मग सगळे एकदम बाहेर ओढून घेतात. रक्तस्राव आणि फुप्फुस दबण्याचा धोका असतो, त्यामुळे ही तपासणी मोजक्या ठिकाणी, तयारीनिशी होते.

आता बाटलीकडे पाहा. सळीवरून सुटलेला तुकडा सलाइनमध्ये बुडत नाही. तो तरंगतो. त्याच्यात अजून हवा आहे, तो शेवटच्या श्वासाचा उरलेला भाग आहे, आणि ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीतली जुनी माणसे हे पाहूनच मान डोलावतात : तुकडा फुप्फुसाचा आहे, नळीच्या भिंतीचा नाही.

(दृश्य : लेझरचे यंत्र. पडद्यावर चौकोनांनी भरत जाणारे चित्र.)

मान डोलावण्यापुढे जाणारे एक यंत्र आम्हाला प्रात्यक्षिकाच्या दिवशी चित्रित करता आले. हा कॉन्फोकल मायक्रोस्कोप आहे. त्याची मूळ कल्पना जुनी आहे. मार्विन मिन्स्की यांनी 1957 साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. साध्या मायक्रोस्कोपखाली जाड तुकडा ठेवला, तर वरच्या आणि खालच्या थरांचा प्रकाश मिसळून सगळे धुकट दिसते. म्हणून तर काप काढावे लागतात. मिन्स्की यांनी प्रकाशाच्या वाटेत एक सूक्ष्म छिद्र ठेवले. त्यातून एकाच थराचा प्रकाश आत येतो, बाकीचा अडतो. म्हणजे काप प्रकाशानेच काढला जातो, सुरी लावावीच लागत नाही.

तुकडा अॅक्रिडीन ऑरेंज नावाच्या रंगात अर्धा मिनिट बुडवला. हा रंग पेशीकेंद्रातल्या डीएनएला चिकटतो आणि निळ्या लेझरखाली चमकतो. मग धुवून दोन काचांमध्ये हलकेच दाबला आणि यंत्राखाली ठेवला. पडद्यावर एक चौकोन उमटतो, शेजारी दुसरा, मग तिसरा. गोधडीचे तुकडे जोडत जावेत तसे चित्र वाढत जाते. संगणक त्याला जांभळा-गुलाबी रंग देतो. प्रत्यक्ष ऊतीत हे रंग नाहीत, पण पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांना दीडशे वर्षांची सवय आहे, तेव्हा यंत्राने त्या सवयीपुढे नमते घेतले आहे. काही मिनिटांत पूर्ण तुकडा समोर येतो. जाळीदार आंबोळी उजेडासमोर धरल्यावर जशी दिसते, तशा या हवेच्या पोकळ्या. आणि या कोपऱ्यात जाळी बुजून भिंती जाड झालेल्या. विशेष म्हणजे तुकडा खर्ची पडलेला नाही. तोच पुढे फॉर्मालिनमध्ये आणि मेणात जाईल. शस्त्रक्रियेच्या वेळी तातडीने पाहण्यासाठी ऊती गोठवून काप काढण्याची पद्धत शतकभर चालत आलेली आहे, पण एवढासा, हवेने भरलेला तुकडा तिच्यात बरेचदा बिघडतो आणि संपतो.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. ते पृष्ठभागाजवळचेच पाहते, कफ आणि रक्तही चमकून घोळ घालतात, चिमट्याने चेंगरलेली ऊती भलतीच दिसते, आणि हे चित्र वाचायला वेगळे शिकावे लागते. शिवाय ते महाग आहे. आमचे मत विचाराल तर सार्वजनिक रुग्णालयांत लेझर यायच्या आधी ट्रॉलीवरचा साधा मायक्रोस्कोप, तीन बरण्या आणि काच वाचणारे माणूस यायला हवे. माणूस खोलीत येऊ शकत नसेल, तर मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून चित्र त्यांच्या टेबलापर्यंत पाठवता येते.

(दृश्य : दोन इमारतींमधला रस्ता, पाऊस. छत्री घेतलेल्या मॅडम.)

पॅथॉलॉजी विभाग या इमारतीत नाही. मॅडमना रोज हा रस्ता ओलांडावा लागतो, लिफ्टची वाट पाहावी लागते, आणि इथे उभे राहून काच पाहण्यात गेलेला वेळ त्यांच्या कामाच्या नोंदवहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्या जितका वेळ इथे असतात, तितक्या वेळेच्या काचा तिकडे त्यांच्या टेबलावर साठतात. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांनी त्या संध्याकाळी उशिरापर्यंत बसून पाहिल्या.

बदलापूरच्या काकांच्या नमुन्यात दुसऱ्या दिवशी क्षयाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिनला दाद देणारे. औषधे सुरू झाली.

(दृश्य : काका आणि त्यांची मुलगी, बाहेरच्या बाकावर. इथे निवेदन नाही.)

(दृश्य : खोली. दुर्बीण धुतली जात आहे.)

दुर्बीण स्वच्छ करून निर्जंतुक व्हायला वेळ लागतो, म्हणून दुसरी दुर्बीण आधीच तयार ठेवलेली आहे. वॉर्डबॉय मामा दारात उभे राहून पुढचे नाव पुकारतात. टेक्निशियन बरण्यांची झाकणे लावतात, कारण मिथेनॉल उडून जाते, आणि नव्या काचांवर पेन्सिलने नंबर घालायला बसतात. पेनाची शाई पहिल्याच बरणीत धुऊन जाते. फॅन मात्र ते चालूच ठेवतात.